किटमधून ओकवाली व्हाइट वाइन : पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी सगळी कृती

हिवाळा लागला की मला दोनतीन जण तरी विचारतातच, की अगं ती ओक झाडाच्या लाकडाच्या वासाची व्हाइट वाइन तू घरी कशी करतेस, आम्हाला पण सांग ना. मग फोनवर तासभर बोलणं होतं आणि नेमकं महत्त्वाचं तेच सांगायचं राहून जातं. म्हणून या वेळी एकदाच सगळं बसून लिहून काढलंय. मी ओंटॅरिओत राहते, इथे घरच्यांसाठी घरी वाइन करायला परवानगी आहे, फक्त ती विकायची नाही. अमेरिकेतही चालतं, तिथे एका मोठ्या माणसाला वर्षाला 100 गॅलन आणि दोन किंवा जास्त मोठी माणसं असलेल्या घराला 200 गॅलन अशी मर्यादा आहे. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी दारू तयार करणं कायद्यात बसत नाही, त्यामुळे तिकडच्या मंडळींनी फक्त वाचा, करायला घेऊ नका.

मी मूळची नाशिककडची. आमच्याकडे व्हाइट वाइन म्हणजे जास्त करून सॉव्हिन्यॉं ब्लॉं नाहीतर शेनिन ब्लॉं, थंडगार, हलकी, लिंबू-पेरूच्या वासाची. त्यामुळे इथे पहिल्यांदा ओकमध्ये मुरलेली शार्डोने, ही पण एक द्राक्षाची जात, प्यायले तेव्हा मला ती व्हाइट वाइन वाटलीच नाही. व्हॅनिला, भाजलेलं खोबरं, थोडा टोस्टचा वास, आणि तोंडात जाड लागत होती, सायीसारखी. हा सगळा प्रकार लाकडातून येतो हे मला नंतर कळलं. फ्रान्समध्ये बर्गंडीत शार्डोनेचा रस 228 लिटरच्या ओकच्या पिंपातच आंबवतात आणि तळाशी बसलेल्या यीस्टच्या गाळावरच महिनोन्‌महिने ठेवतात, मधूनमधून काठीने ढवळतात सुद्धा. कॅलिफोर्नियावाल्यांनी तेच उचललं, आणि 1976 साली पॅरिसला लेबलं झाकून आंधळी चाखणी झाली त्यात व्हाइट वाइनमध्ये पहिली आली ती कॅलिफोर्नियाची शातो मॉंटेलेनाची 1973 ची शार्डोने. आपल्याला पिंप परवडणारं नाही आणि ठेवायला जागा पण नाही, म्हणून आपण किट आणि ओकचे तुकडे वापरतो. पिंपाच्या लाकडातून हवा अगदी हळूहळू आत झिरपते ते तुकड्यांनी होत नाही, पण वास आणि चव मात्र बऱ्यापैकी जवळ जाते.

आता आधी एक गोष्ट सांगते, बाकी काही विसरलात तरी ही लक्षात ठेवा. ओक किती घातला यापेक्षा कधी घातला याने जास्त फरक पडतो. आपण भाजीला खडा मसाला तेलात सुरुवातीलाच टाकतो तेव्हा तो पूर्ण पदार्थात मुरतो आणि वेगळा कळत नाही, आणि गरम मसाला शेवटी भुरभुरला की तो नाकाला आधी लागतो, अगदी तसंच आहे. पहिल्या दिवशी यीस्टबरोबर घातलेला ओक मऊ लागतो कारण यीस्ट त्यातल्या व्हॅनिलाच्या वासाचा काही भाग बदलून टाकतं, आणि नंतर तयार वाइनमध्ये घातलेला ओक सरळ लाकूड म्हणून पुढे येतो. दोन्हीची गरज असते, पण पहिला जास्त आणि दुसरा बेताचा.

किट कुठलं घ्यायचं

किट म्हणजे द्राक्षाचा रस, कधी आटवलेला तर कधी थोडा आटवलेला थोडा तसाच, मोठ्या पिशवीत भरलेला, आणि सोबत यीस्ट, पावडरींची छोटी पाकिटं आणि ओक. सगळं मिळून 23 लिटर वाइन होते म्हणजे साधारण 30 बाटल्या. खोक्यावर रस किती लिटर आहे ते बघा. 8-10 लिटरचं स्वस्त असतं पण त्यात पाणी जास्त घालावं लागतं आणि वाइन पातळ लागते, आणि पातळ वाइनला ओक झेपत नाही, नुसतं लाकूड चघळल्यासारखं होतं. ओकवाली करायची असेल तर 14 लिटरच्या पुढचंच घ्या. 150 डॉलरचं किट घेतलं तरी बाटलीला 5 डॉलर पडतात, त्यामुळे इथे हात आखडू नका. खोक्यावर तारीख पण बघायची, जुन्या रसाचा रंग तपकिरी झालेला असतो.

शार्डोने घ्या पहिल्यांदा. रीस्लिंग किंवा सॉव्हिन्यॉं ब्लॉंचं किट आणून त्यात ओक टाकायचा मोह होतो बऱ्याच जणांना, पण त्या द्राक्षांचा स्वतःचा वास इतका ठळक असतो की ओकचं आणि त्याचं भांडणच होतं. शार्डोनेला स्वतःचं फार म्हणणं नसतं, म्हणून ओक तिच्यात छान बसतो.

ओकबद्दल थोडं. किटमध्ये बहुतेक वेळा भुस्सा नाहीतर चिप्स असतात, चहाच्या पावडरीपेक्षा जाड ते नखाएवढ्या ढलप्यांपर्यंत. हे आठवडा-दोन आठवड्यात आपलं सगळं देऊन मोकळे होतात. क्यूब म्हणजे चौकोनी ठोकळे मिळतात ते हळू सोडतात, सहा-आठ आठवडे. अमेरिकन ओक जास्त बोलका, खोबरं आणि व्हॅनिला सरळ कळतं. फ्रेंच ओक जरा सभ्य, मसाल्याच्या वासाचा. मी व्हाइटला फ्रेंचच वापरते, मध्यम भाजलेला. जास्त भाजलेला घेतला की धुराचा आणि कॉफीचा वास येतो, तो रेडमध्ये चांगला लागतो पण व्हाइटमध्ये मला अजिबात आवडत नाही.

आणि ओकवाली वाइन म्हटलं की लोकांना बटरचा वास पाहिजे असतो. तो ओकमधून येत नाही बरं का. तो येतो बॅक्टेरियाकडून, जे हिरव्या सफरचंदातलं मॅलिक ॲसिड खाऊन दह्यातलं लॅक्टिक ॲसिड बनवतात, त्या कामात बटरच्या वासाचा एक पदार्थ तयार होतो. किटमध्ये हे करायला जाऊ नका. किटमध्ये शेवटी सॉर्बेट, म्हणजे यीस्टला परत वाढू न देणारी पावडर, घालतात आणि हे बॅक्टेरिया सॉर्बेट खातात तेव्हा जिरेनियमच्या पानाचा कुबट वास तयार होतो, तो कशानेही जात नाही, सगळी वाइन ओतून द्यावी लागते.

सामान

एक 30 लिटरची फूड-ग्रेड बादली झाकणासकट, झाकणाला भोक असलेली. एक 23 लिटरचा कार्बॉय, म्हणजे अरुंद गळ्याची मोठी बरणी, काचेची किंवा प्लास्टिकची. एअरलॉक, म्हणजे आतला गॅस बाहेर सोडणारी पण बाहेरची हवा आत न येऊ देणारी पाण्याची छोटी नळी, आणि रबरी बूच. हायड्रोमीटर, म्हणजे रस पाण्यापेक्षा किती जड आहे ते दाखवणारी तरंगती काचेची कांडी, आणि त्याची उंच नळी. ऑटो-सायफन, म्हणजे वाइन एका भांड्यातून दुसऱ्यात ओढून घ्यायचा हातपंप, आणि दीड-दोन मीटर पाइप. लांब दांड्याचा डाव. थर्मामीटर. ड्रिलला लावायचा ढवळणीचा दांडा. बाटल्या भरायची स्प्रिंगवाली कांडी, कॉर्क, आणि कॉर्कर. उभा कॉर्कर भाड्याने मिळतो बऱ्याच दुकानांत, पहिल्यांदा तोच घ्या, हातातल्या छोट्या कॉर्करने 30 बाटल्या करायच्या म्हणजे मनगट जातं.

काचेच्या कार्बॉयबद्दल मनापासून सांगते. भरल्यावर तो 30 किलोच्या आसपास जातो आणि ओला असला की हातातून सटकतो. गळ्याला धरायचं हँडल मिळतं ते फक्त रिकामा कार्बॉय हलवायला असतं, भरलेला त्याने कधीही उचलू नका. काच फुटली तर हातापायाच्या शिरा कापल्या जातात इतकी ती धारदार असते. मी आता प्लास्टिकचाच वापरते. आणि जिथे ठेवायचा तिथेच रिकामा ठेवून मग भरायचा, म्हणजे उचलायचा प्रश्नच येत नाही. रॅकिंग, म्हणजे गाळ मागे ठेवून वाइन दुसऱ्या भांड्यात काढणं, करायचं त्याच्या आदल्या दिवशी बादली टेबलावर चढवून ठेवा, म्हणजे हललेला गाळ रात्रभरात परत बसतो.

स्वच्छता

इथे आळस केला तर पुढचं काही वाचायची गरज नाही. स्वच्छ करणं आणि सॅनिटाइझ करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आधी परकार्बोनेटवाल्या क्लीनरने आणि कोमट पाण्याने धुवायचं, मऊ स्पंजने, तारेच्या घासणीने नाही कारण प्लास्टिकवर चरे पडतात आणि त्यात जंतू बसतात. मग सॅनिटायझर. मी पोटॅशियम मेटाबायसल्फाइट वापरते, 50 ग्रॅम 4 लिटर थंड पाण्यात. त्याच्यावर वाकून वास घेऊ नका, नाका-घशात झोंबतं, आणि घरात कुणाला दमा असेल तर त्या माणसाला त्या खोलीत येऊच देऊ नका. खिडकी उघडी ठेवा. रसाला लागणारी प्रत्येक वस्तू यातून काढायची, डाव, थर्मामीटर, यीस्टचं पाकीट कापायची कात्री सुद्धा.

क्लोरीनचं ब्लीच वापरू नका, स्वस्त असलं तरी. क्लोरीन, लाकूड आणि बुरशी एकत्र आली की ओल्या पुठ्ठ्याचा, कोंदट तळघराचा वास तयार होतो, ज्याला लोक कॉर्क लागलेली वाइन म्हणतात. आपण तर मुद्दाम लाकूड घालतोय, त्यामुळे डबल काळजी.

पहिला दिवस

बादलीत 2 लिटर गरम पाणी घ्या आणि त्यात बेंटोनाइटचं पाकीट हळूहळू भुरभुरा, ढवळत ढवळत. बेंटोनाइट म्हणजे माती आहे एक प्रकारची, गढूळ करणारे कण स्वतःला चिकटवून तळाशी घेऊन जाते. आजी हंड्यात तुरटी फिरवायची ना, त्यातलाच प्रकार. एकदम ओतलं तर गुठळ्या होतात, पिठल्यात होतात तशा, आणि त्या शेवटपर्यंत फुटत नाहीत. म्हणून एक जण भुरभुरतोय आणि एक जण ढवळतोय असं करा.

मग रसाची पिशवी. टोपण कडक असतं आणि पिशवी जड, म्हणून खोक्यातच उभी ठेवून टोपण काढा. रस बादलीत ओतला की पिशवीत लिटरभर कोमट पाणी घालून विसळा आणि तेही बादलीत, साखर बरीच चिकटून राहिलेली असते. मग पाणी घालून 23 लिटरच्या खुणेपर्यंत आणा. खूण नसेल तर कार्बॉय पाण्याने भरून ते बादलीत ओतून आधीच मार्करने रेघ मारून ठेवा. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येत असेल तर फिल्टरचं किंवा विकतचं पाणी घ्या. आता दोन-तीन मिनिटं चांगलं दणकून ढवळा. आटवलेला रस पाण्यापेक्षा जड असतो, तळाशी जाऊन बसतो, आणि नीट मिसळला नाही तर रीडिंग चुकतं. याच वेळी हवा लागलेली चालते, यीस्टला सुरुवातीला हवा लागतेच, पण ही शेवटची वेळ, यानंतर हवा म्हणजे शत्रू.

हायड्रोमीटर नळीत सोडून जरा फिरवा म्हणजे चिकटलेले बुडबुडे सुटतात, डोळा पातळीला आणून वाचा, कडेला वर चढलेला भाग सोडून खालची पातळी धरायची. 1.080 ते 1.100 च्या मध्ये कुठेतरी आलं पाहिजे. हा आकडा लगेच लिहून ठेवा, खोक्यावरच लिहा, कागद हरवतो. शेवटच्या रीडिंगमधून दारूचं प्रमाण याच्यावरूनच निघणार आहे.

तापमान 20 ते 24 डिग्री असू दे. विरजण लावताना दूध किती कोमट आहे ते आपण बोटाने बघतो, इथे बोटावर जाऊ नका, थर्मामीटर लावा. आपल्याकडच्या बायका इथे थंडीत इडलीचं पीठ ओव्हनमध्ये दिवा लावून ठेवतात, पण ही बादली ओव्हनमध्ये मावत नाही, आणि बेसमेंट जानेवारीत 15-16 वर जातं. मी बादलीखाली थर्माकोलचा तुकडा ठेवते कारण सिमेंटची जमीन सगळी ऊब ओढून घेते, आणि फार थंडी असेल तर बादलीला गुंडाळायचा हीटिंग बेल्ट मिळतो तो लावते.

आता ओक. किटमधले चिप्स किंवा भुस्सा आज घालायचा, सगळा. काही किटमध्ये दोन वेगळी पाकिटं येतात, एक आत्ताचं आणि एक नंतरचं, नीट वाचा. उकळू नका, भाजलेलं लाकूड असतं, उकळलं की चव पाण्यात जाते. वरती तरंगतात, डावाने दाबून ओले करा, दोनतीन दिवसांत आपोआप खाली जातात. मोकळे टाकायचे नसतील तर मलमलच्या सॅनिटाइझ केलेल्या पिशवीत घाला, पण सैल बांधा, फुगायला जागा पाहिजे.

शेवटी यीस्ट. बहुतेक किटमध्ये 5 ग्रॅमचं लॅल्विन ईसी-1118 असतं, अगदी भरवशाचं यीस्ट आहे. वरून सगळीकडे भुरभुरा आणि हात लावू नका. झाकण, एअरलॉकमध्ये अर्ध्यापर्यंत पाणी, आणि बादली पोरांच्या खेळण्यापासून लांब.

पहिला आठवडा

24 ते 48 तासांत बुडबुडे सुरू होतात, कधी तिसरा दिवस उजाडतो, तोपर्यंत घाबरू नका. एअरलॉक शांत आहे म्हणून लोक हवालदिल होतात, पण बऱ्याचदा झाकण नीट बसलेलं नसतं आणि गॅस कडेने जात असतो. वर फेस आणि ओला लाकडी भुस्सा दिसला म्हणजे काम चालू आहे. त्या दिवसांत बेसमेंटमध्ये गेलं की पाव भाजल्यासारखा आणि पिकलेल्या केळ्यासारखा वास येतो. अंड्याचा वास आला तर यीस्टला त्रास होतोय, तापमान बघा आणि हळू ढवळा, बहुतेक वेळा जातो.

रोज झाकण उघडून बघायचं नाही, मी सुद्धा पहिल्यांदा हेच करत होते.

पहिलं रॅकिंग

पाचव्या ते आठव्या दिवशी रीडिंग घ्या. 1.010 किंवा खाली असेल तर सायफनने कार्बॉयमध्ये घ्या. पाइपचं टोक कार्बॉयच्या तळाला टेकलं पाहिजे, वरून धार पडली तर हवा मिसळते. तोंडाने ओढून सायफन सुरू करू नका, आपल्या तोंडात वाइनला नको असलेले सगळे जंतू असतात. तळाचा जाड गाळ आणि चिप्स मागेच सोडा, थोडा पातळ गाळ आला तरी चालेल. एअरलॉक लावा. वर थोडी जागा रिकामी राहते ती आत्ता चालते, अजून गॅस निघतोय आणि तोच झाकण म्हणून काम करतो.

मग दहा-बारा दिवस विसरून जा.

थांबवणं आणि गॅस काढणं

रीडिंग 0.996 च्या खाली आणि सलग दोन-तीन दिवस तेच, तेव्हाच पुढे जायचं. एअरलॉक थांबला म्हणून नाही, आकडा थांबला म्हणून. माझं एकदा 1.088 वर सुरू होऊन 0.994 वर थांबलं होतं. सुरुवातीतून शेवटचं वजा करा आणि 131.25 ने गुणा, म्हणजे 0.094 गुणिले 131.25, साधारण 12.3 टक्के.

आता मेटाबायसल्फाइट आणि सॉर्बेट, किटमधलीच पाकिटं, अर्धा कप पाण्यात विरघळवून घाला. पहिलं वाइनला हवेपासून आणि जंतूंपासून सांभाळतं, दुसरं यीस्टला परत वाढू देत नाही. आणि मग गॅस काढायचा, ज्याच्यावर सगळ्यात जास्त लोक घाई करतात. वाइनमध्ये कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो आणि तो असेपर्यंत गाळ खाली बसत नाही, बुडबुडे त्याला वर धरून ठेवतात. ड्रिलला दांडा लावून आधी अगदी हळू, नाहीतर सोडा बाटली हलवून उघडल्यासारखा फेस गळ्यातून बाहेर येतो. मग दोन-तीन मिनिटं, दिशा बदलत, थोडं थांबून परत, असं चार-पाच वेळा. पृष्ठभागावर भोवरा पडून हवा आत ओढली जाणार नाही इतपतच वेग ठेवा. वाइन 20 डिग्रीच्या वर असू दे, थंड वाइन गॅस सोडत नाही. तपासायची सोपी पद्धत म्हणजे हायड्रोमीटरची नळी अर्धी भरा, तळव्याने तोंड बंद करून जोरात हलवा आणि तळवा काढा. फुस्स आवाज आला की गॅस आहे, परत ढवळा. माझी दुसरी बॅच मी 18 डिग्रीवर घाईत उरकली आणि ती दोन महिने ढगाळ राहिली, आणि पिताना जिभेला टोचायची.

मग निवळवायचं औषध. शाकाहारी मंडळींनी इथे थांबून पाकीट वाचा. बऱ्याच किटमध्ये दोन पाकिटं असतात, कीसेलसोल आणि कायटोसन. कीसेलसोल म्हणजे सिलिका, त्याचा प्रश्न नाही. कायटोसन मात्र बहुतेक करून कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून करतात. काही किटमध्ये आयसिंग्लास असतं, ते माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून करतात. हे गाळाबरोबर तळाशी जातं आणि काढून टाकलं जातं, पण ज्यांना चालत नाही त्यांना ते माहीत असायलाच हवं, आणि ज्यांना कोळंबीची ॲलर्जी आहे त्यांनाही. माझ्या जाऊबाई शुद्ध शाकाहारी आहेत, त्यांच्यासाठी मी ही पाकिटं न घालता नुसत्या बेंटोनाइटवर आणि वेळेवर ठेवते, दीड-दोन महिने जास्त लागतात, पण निवळते.

ज्यांना चालतं त्यांनी पाकिटावरच्या क्रमाने आणि मधल्या वेळाने घाला, क्रम उलटा करू नका. मग कार्बॉय गळ्यापर्यंत भरा. दोन बोटं जागा राहू दे, त्याहून जास्त नाही. पाण्याने भरू नका, अशीच एखादी कोरडी शार्डोने विकत आणा आणि तिने भरा. वरती हवेची मोठी पोकळी राहिली तर वाइन सोनेरीवरून तपकिरी होते आणि कापून ठेवलेल्या सफरचंदाचा वास येतो.

दुसरा ओक

दहा-चौदा दिवसांत वाइन इतकी नितळ होते की कार्बॉयच्या मागे धरलेलं वर्तमानपत्र वाचता येतं. गाळ सोडून स्वच्छ कार्बॉयमध्ये घ्या. किटच्या कागदावर आता बाटल्या भरा असं लिहिलेलं असेल. मी भरत नाही. मी इथे 25 ते 30 ग्रॅम मध्यम भाजलेले फ्रेंच क्यूब घालते, 23 लिटरला, मलमलच्या पिशवीत, वास नसलेल्या डेंटल फ्लॉसने बांधून दोऱ्याचं टोक बुचाच्या बाहेर ठेवते म्हणजे पाहिजे तेव्हा ओढून काढता येते.

इतके दिवस ठेवायचं तर पाव चमचा मेटाबायसल्फाइट परत घाला, साधारण दीड ग्रॅम होतं. आणि दर रविवारी चाखायचं. घोटभर काढा, काचेच्या ग्लासात, फ्रीजमधली नाही, आहे त्या तापमानाला. पहिल्या आठवड्यात काहीच कळत नाही. दुसऱ्या-तिसऱ्यात नवीन फर्निचरच्या दुकानात गेल्यासारखा कच्च्या लाकडाचा वास येतो, हिरमोड होतो, पण हा टप्पा जातो. चौथ्या-पाचव्या आठवड्यात तो मागे सरतो आणि व्हॅनिला, भाजलेला बदाम पुढे येतो, आणि गिळल्यावर हिरड्यांवर किंचित तुरटपणा राहतो, कच्च्या सुपारीच्या एका कणाएवढा. तुम्हाला पाहिजे त्याच्यापेक्षा अगदी थोडा जास्त ओक वाटला की पिशवी काढा, कारण बाटलीत तो पुढचे काही महिने कमी कमी होत जातो. फारच जास्त झाला तर बिनओकची दुसरी बॅच करून तिच्यात मिसळता येतो, नाहीतर वर्षभर तशीच ठेवायची.

आमच्या गल्लीत एक इटालियन आजोबा आहेत, दर सप्टेंबरला कॅलिफोर्नियाची द्राक्षं आणून गॅरेजमध्ये वाइन करतात. त्यांना मी ही पिशवी दाखवली तेव्हा त्यांनी ती नाकाशी नेली, बराच वेळ वास घेतला आणि म्हणाले, आणखी एक आठवडा. मी ठेवली एक आठवडा, आणि त्यांचं बरोबर होतं.

बाटल्या

जुन्या बाटल्या गोळा करा, 30 लागतात, दोनतीन जास्तीच्या ठेवा. रात्रभर परकार्बोनेटच्या पाण्यात बुडवल्या की लेबलं सुटतात. फिरकीच्या झाकणाच्या बाटल्यांना कॉर्क लावू नका, त्यांच्या मानेची काच पातळ असते, तडकते. भरायची कांडी तळाला टेकवली की सुरू होते आणि उचलली की बंद, कांडी बाहेर काढली की बरोबर कॉर्कसाठी जागा उरते, कॉर्कच्या खाली दोन सेंटिमीटरच्या आसपास मोकळं राहिलं पाहिजे. कॉर्क उकळू नका, चुरा पडतो, मेटाबायसल्फाइटच्या पाण्यात नुसते बुडवून काढा. बाटल्या तीन दिवस उभ्या ठेवा म्हणजे आतला दाब निघून जातो, मग आडव्या, अंधारात, 10 ते 15 डिग्रीला, आणि घर तापवणाऱ्या फर्नेसपासून लांब.

लगेच उघडलेली बाटली बेचव लागते, बाटलीत भरण्याचा धक्का बसलेला असतो. एक बाटली महिन्याने उघडा, एक तीन महिन्यांनी, आणि बाकीच्यांना सहा महिने हात लावू नका. पाच बाटल्यांवर चिठ्ठी लावून वर्षभर बाजूला ठेवा, फ्रेंच ओक खरा तेव्हा कळतो.

प्यायला काढताना बर्फासारखी थंड नको, फ्रीजमधून काढून वीस मिनिटं बाहेर ठेवली की 10-13 डिग्रीला येते आणि वास मोकळा होतो. झणझणीत रश्श्याबरोबर देऊ नका, तिखट आणि ओक एकत्र आले की तोंडात कडवट जळजळ होते. आमच्याकडे हिच्याबरोबर नारळाच्या दुधातली कोलंबी करतो, हिरवी मिरची एकच, वाटणात भाजलेलं खोबरं नाही, ओलंच. जाऊबाईंसाठी त्याच रसात बटाटा आणि मटार. गेल्या ऑक्टोबरला भरलेल्या बॅचची चिठ्ठीवाली पहिली बाटली मी येत्या दिवाळीला काढणार आहे, बाकीच्या चार अजून तिथेच जिन्याखाली आडव्या आहेत.